सात किलोंचे बिऱ्हाड

विमानात डोक्यावरच्या फडताळात मावेल एवढ्या एकाच बॅगेत माणशी सगळे सामान बसवायचे आणि तेवढ्यावर परदेश पाहून यायचे, याला हलका प्रवास म्हणतात. भारतीय विमान कंपन्यांच्या इकॉनॉमी वर्गात या बॅगेचे वजन साधारण ७ किलोंपर्यंत चालते. तिची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत बसावी लागते. चौघांच्या कुटुंबाला अशा हिशेबाने २८ किलो मिळतात. अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला तिथली माणसे बोलताना अजून नगर जिल्हाच म्हणतात, २८ किलो हे प्रवासाच्या सामानाचे वजन आहे यावर कोणाचा चटकन विश्वास बसत नाही. एवढा तर नुसता फराळ होतो.

हलक्या प्रवासामागची कारणे सरळ आहेत. मोठी सूटकेस विमान कंपनीच्या स्वाधीन केली की उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळावे लागते, स्वस्त तिकिटावर तिचे वेगळे पैसे पडतात, आणि कधी कधी माणूस बँकॉकला पोचतो व बॅग भलतीकडेच जाते. विमानतळांना संगणकप्रणाली पुरवणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगा चुकल्या, उशिरा आल्या किंवा मोडल्या. हे प्रमाण फार नाही. पण नगरच्या कुटुंबाला ९९३ सुखरूप बॅगा दिसत नाहीत. त्या सहांतली एक आपलीच असणार याची त्याला आधीपासून खात्री असते. त्यामुळे ‘सगळं हातातच ठेवायचं’ हा निर्णय घरात एकमताने होतो. मतभेद सुरू होतात ते ‘सगळं’ म्हणजे काय यावरून.

या जिल्ह्याच्या सामानाच्या सवयी समजून घ्यायच्या तर विमानतळाच्या आधी एसटी स्टँडवर जावे लागते. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, आणि बसबरोबर टपही आला. टपावर पोती चढली, ट्रंका चढल्या, सायकली, वळकट्या, कोंबड्यांची खुराडी आणि लग्नसराईत अख्खे रुखवत चढले. वर उभा राहून दोरी आवळणारा एक माणूस आणि खाली उभा राहून ‘अजून एक आहे’ म्हणणारा दुसरा, एवढीच ती यंत्रणा होती. टपावरच्या सामानाला सेंटिमीटर नव्हते. ते किती उंच रचायचे हे वाटेतल्या झाडांच्या फांद्या ठरवत. अशा वातावरणात वाढलेल्या माणसापुढे विमानतळावर लोखंडी सांगाडा ठेवून ‘बॅग यात बसवून दाखवा’ म्हटले, की तो आधी सांगाड्यावरच संशय घेतो.

चाकांची सूटकेस तशी उशिराच आली. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना तिचे पेटंट १९७२ मध्ये मिळाले, म्हणजे माणूस चंद्रावर चालून आल्यानंतर तीन वर्षांनी. उभी ओढायची, लांब दांडीची बॅग १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने काढली. चाकांनी ओझे हलके केले असे मानले जाते. वास्तविक ओझे होते तेवढेच राहिले, फक्त उचलणाऱ्याची कुरकुर थांबली. आणि कुटुंबाच्या सामानावर तोवर जी काही मर्यादा होती ती त्या कुरकुरीचीच होती. ती गेल्यावर बॅगा वाढल्या. मग विमान कंपन्यांना काटा आणावा लागला.

बॅग भरण्याची खरी सुरुवात कपाट उघडण्याने होत नाही. सहलीची बातमी फुटते त्या दिवशी ती होते. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केल्यापासून बँकॉकची सहल ठरवणे सोपे झाले, पण ती गुप्त ठेवणे अवघडच राहिले. बातमी आधी शेजारी जाते, तिथून कोपरगावच्या आत्याकडे, तिथून श्रीगोंद्याच्या मामांकडे. प्रत्येक जण भेटायला किंवा फोनवर येतो आणि जाताना एकेक वस्तू सामानात घालून जातो.

“अगं, शाल घेतली का? विमानात लई गारठा असतो म्हणं.”

“आत्या, बँकॉकला पस्तीस डिग्री आहे.”

“असू दे. शालीला काय लागतं?”

‘असू दे’ हे दोन शब्द म्हणजे प्रवासी सामानाचे मूळ एकक होय. आत्या शालीची पुरस्कर्ती, मामा बॅटरीचे, शेजारच्या काकू ओव्याच्या, ऑफिसातले साहेब कसल्याशा बेल्टचे, ज्यात पासपोर्ट पोटाला बांधून फिरता येते. त्यामुळे बॅगेतली एखादी वस्तू कमी करणे म्हणजे नुसती वस्तू बाहेर काढणे नसते. एका माणसाला नाही म्हणणे असते. हलक्या प्रवासावरची पुस्तके ‘अनावश्यक वस्तू टाळा’ असे सांगतात. ती लिहिणाऱ्यांना आत्या नसाव्यात.

वजन करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत माणूस बॅग घेऊन घरच्या काट्यावर उभा राहतो, मग बॅगेशिवाय उभा राहतो, आणि वजाबाकी करतो. गणित बरोबर येते, पण त्यात घरातल्या मोठ्या माणसांची वजने चारचौघांत जाहीर होतात आणि मग काट्यावर चढायला कोणी तयार होत नाही. लहान मुलाला चढवावे तर त्याला बॅग उचलत नाही. दुसरी पद्धत मार्केट यार्डात ओळखीच्या आडत्याकडे बॅग नेण्याची. तिथे अचूक आकडा मिळतो आणि वर चहाही मिळतो. नगर हा कांद्याचा जिल्हा. इथल्या शेतकऱ्याने ‘कडता’ या प्रकाराला, म्हणजे मापातून व्यापारी कापून घेतो त्या वजनाला, आयुष्यभर शिव्या घातलेल्या असतात. बॅग ७ किलो ६०० ग्रॅम भरली की मात्र त्याला पहिल्यांदाच वाटते, थोडा कडता धरायला काय हरकत होती? विमान कंपनी कडता धरत नाही.

नियमांत पळवाटा मात्र आहेत आणि त्या छापील आहेत. बॅगेखेरीज अंगाबरोबर नेता येणाऱ्या वस्तूंची यादी विमान कंपन्या देतात: बायकांची पर्स, ओव्हरकोट किंवा शाल, पांघरूण, घडीची छत्री, हातातली काठी, वाचायला थोडी पुस्तके, तान्ह्या बाळाचे खाणे, औषधे. ही यादी वाचून असे वाटते की ती करणाऱ्यापुढे पंढरीला निघालेले कोणी आजोबा बसले असावेत. घोंगडे, काठी, छत्री, पोथी, सगळे माफ. शाल माफ असल्याचे कळल्यावर आत्यांचा फोन लांबतो.

अंगावरच्या कपड्यांचे वजन होत नाही, हा दुसरा शोध घराघरांत स्वतंत्रपणे लागतो. मग मे महिन्यात, पुण्यात लोहगावच्या विमानतळावर, दोन शर्ट आणि वर फुगीर जाकीट घातलेले गृहस्थ दिसतात. जाकिटाच्या खिशांत चार्जर, दोन जणांचे चष्मे आणि शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी असते. तपासणीच्या दारातून जाताना जाकीट काढून ट्रेमध्ये ठेवावे लागते, आणि तिथे खिशांचा सगळा इतिहास पडद्यावर दिसतो.

मुलांच्या बाबतीत नियम उदार आहेत. दोन वर्षांवरील मुलाला स्वतःचे तिकीट लागते आणि तिकिटाबरोबर स्वतःचे ७ किलोही मिळतात. साडेतीन वर्षांचा मुलगा घरात कोणत्याही चर्चेत धरला जात नाही, पण सामानाच्या वाटपात तो पूर्ण माणूस असतो. त्याच्या पाठीवरच्या कार्टूनच्या सॅकमध्ये वडिलांची पॅन्ट, आजीच्या गुडघ्याचा पट्टा आणि दोन किलो चिवडा असतो. त्याचा स्वतःचा प्लास्टिकचा डायनासोर तेवढा ‘उगाच ओझं कशाला’ म्हणून घरी राहतो.

कपड्यांविषयी शास्त्राचे मत ठाम आहे: आठ दिवसांना तीन जोड पुरतात, रात्री धुवावेत, सकाळी घालावेत. घरातले मत त्याहून ठाम असते. “परदेशात जाऊन धुणं धुवायचं का आम्ही?” हा प्रश्न एकदा विचारला गेला की शास्त्र गप्प होते. त्यात खरी अडचण धुण्याची नसते. फोटोंची असते. ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफासमोर आणि दुसऱ्या दिवशी वाळवंटात एकच ड्रेस दिसला, तर गावी फोटो पाहणाऱ्यांना सहल एका दिवसात उरकली असे वाटण्याची भीती असते. म्हणून निघण्याच्या आधी कापड बाजारात एक फेरी होते आणि हलके जाण्यासाठी नवी खरेदी केली जाते. त्यात हमखास एक जाड जीन्स असते. जीन्सचे वजन पाऊण किलोच्या घरात जाते, ती वाळत तर बिलकूल नाही, आणि उकाड्याच्या देशात तिच्याइतका निरुपयोगी कपडा दुसरा नाही. पण ‘तिकडे सगळे जीन्सच घालतात’.

आजींचा प्रश्न याहून निराळा. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. अशी तीन लुगडी सात किलोंत सहज बसतात, कारण आजींचे बाकी सामान म्हणजे एक कंगवा, एक जपमाळ आणि एक पोथी. घरात हलका प्रवास ज्यांना आपोआप जमतो त्या आजीच असतात. गुंडाळी करून कपडे भरले की जागा वाचते आणि चुण्या पडत नाहीत, ही युक्ती आजकाल चित्रफितींतून शिकवतात. आजी तिला वळकटी म्हणतात आणि ती बांधायला त्यांना सुतळीसुद्धा लागत नाही. पण त्यांच्या बॅगेत चार किलो शिल्लक आहेत हे सुनेच्या लक्षात आले की ती शिल्लक उरत नाही.

थोड्या सामानात घर हलवण्याची विद्या या जिल्ह्यात खरे तर जुनी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे सहा महिन्यांचे घर एका ट्रॉलीच्या कोपऱ्यात बसवतात: बाजरीचे पोते, दोन-चार भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, कोयता. मुक्कामी पोचले की त्यातूनच कोपीतला, म्हणजे झोपडीतला, संसार उभा राहतो. पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीकडचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरत, तेव्हा वाड्याचे, म्हणजे त्यांच्या तांड्याचे, सगळे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर बसत असे. इथे विनोदाने जरा थांबावे. त्या लोकांनी सामान कमी ठेवले ते हौसेने नव्हे. जास्त असते तर त्यांनी ते आनंदाने नेले असते. ‘कमी सामानात सुख’ हा विचार ज्याच्या घरी कपाटे भरलेली आहेत त्यालाच सुचतो, आणि त्याला तो अमलात आणता येत नाही.

खाण्याकडे आता वळावे लागेल, कारण बॅगेचा निम्मा भाग तेच व्यापते. वस्तुमान आणि आकारमान यांतला फरक शाळेत शिकवतात तो मुलांना कळत नाही. सहलीची बॅग भरताना चटकन कळतो. चिवडा जागा खातो, लाडू वजन खातात. चिवडा दाबला तर त्याचा चुरा होतो, लाडू दाबले तर ते शेजारच्या शर्टात उतरतात. दशम्या आणि धपाटे सपाट बसतात म्हणून त्यांना तळाशी जागा मिळते, आणि दुसऱ्या दिवशी त्या तळाचा वास पासपोर्टला येतो. बँकॉकमध्ये फाहुरातला, सिंगापुरात सेरंगून रोडला आणि दुबईत जागोजाग भारतीय जेवण मिळते ही माहिती घरात सर्वांना असते. तरीही ‘तिकडे काय मिळेल न मिळेल’ हे वाक्य दर अर्ध्या तासाने उच्चारले जाते आणि प्रत्येक उच्चारासरशी एक डबा वाढतो.

यातले काय हातातल्या बॅगेत चालते आणि काय चालत नाही, हे मात्र नीट समजून घेतलेले बरे, कारण तपासणीच्या टेबलावर ते समजून घ्यायला वेळ मिळत नाही. लाल तिखट केबिनमध्ये चालत नाही. ते डोळ्यांत फेकता येते, आणि नगरी काळ्या मसाल्याबद्दल तर अधिकाऱ्याची खात्री एका वासात पटते. मिरचीच्या लोणच्यालाही मज्जाव आहे. ठेचा घरी चटणी असतो, विमानतळावर तो लगदा ठरतो आणि द्रवपदार्थांच्या नियमाखाली येतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर केबिनमध्येही नकोत आणि खालच्या सूटकेसमध्येही नकोत. तेलकट सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत त्याची गणना ज्वलनशील मालात होते. वर्षानुवर्षे फडताळातल्या डब्यात निमूट बसलेल्या खोबऱ्याबद्दल हे ऐकून घरातल्या बायकांना ते खरे वाटत नाही.

देशागणिक नियम आणखी बदलतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे हा गुन्हा आहे. तिथे ती अफूच्या कुळातली म्हणून बंदीच्या यादीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत दुबईला निघालेल्या कुटुंबाच्या डब्यात अनारसे असतात आणि अनारशांच्या एका अंगाला खसखस असते. यात हसण्यासारखे काही नाही, अनारसे घरीच खावेत. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पॅरिसमधल्या भाच्याला गावचे पेढे पोचत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड बी-बियाणे, फळे आणि घरगुती खाण्याविषयी इतके काटेकोर आहेत की उतरण्यापूर्वीच्या अर्जात ते जाहीर केले नाही तर दंड होतो. सिंगापूरला चघळायची आणि तोंडात धरायची तंबाखू चालत नाही. आजींची मशेरी ही तंबाखू नसून दात घासायची पूड आहे, हा युक्तिवाद नगरमध्ये तीन पिढ्या चालत आला. चांगी विमानतळावर तो करून पाहू नये.

द्रवपदार्थांचा नियम २००६ सालचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीस आणला आणि तेव्हापासून जगभर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची, आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत. नव्या पद्धतीची स्कॅनर यंत्रे बसवलेल्या परदेशातल्या काही विमानतळांवर ही अट आता सैल झाली आहे, पण निघताना तिच्यावर भरवसा ठेवू नये. मोजली जाते ती बाटली, आतला माल नव्हे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी दोन बोटे तेल असले तरी ती बाटली जप्त होते. ‘संपतच आलंय की’ हे म्हणणे काही उपयोगाचे नसते.

खोबरेल तेलाचा प्रश्न जरा तात्त्विक आहे. ते चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठते. नगरची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली आहे, त्यामुळे डिसेंबरात पहाटे घर सोडताना बाटलीतले तेल दगड झालेले असते आणि घन पदार्थाला मर्यादा नाही असा कुटुंबप्रमुखाचा दावा असतो. गाडीत हीटर लावला की शिरूरपर्यंत दावा पातळ होऊ लागतो. तपासणी करणाऱ्यांनी हा वाद आधीच मिटवला आहे: तेल, तूप, मलम, पेस्ट, जेली, जे जे ओतता, पिळता किंवा चोपडता येते ते सगळे द्रवच. साजूक तूप पळीने खरवडून काढावे लागते हे त्यांना दाखवून फायदा नाही.

औषधांचा डबा या मर्यादेतून सुटतो, मात्र डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी आपल्याकडे चिठ्ठीवर मिळते. अमिरातीत त्यांच्यावर कडक नियंत्रण आहे आणि तिथे पूर्वपरवानगी लागते. घरगुती डब्यात निम्म्या पट्ट्या नावाचा भाग फाटलेल्या असतात. ‘ती पांढरी गोळी पित्ताची, ती जरा पिवळसर तापाची’ हे ज्ञान एका आईलाच असते आणि ते तोंडीच असते. परदेशी निघताना अखंड पट्ट्या घ्याव्यात.

विजेच्या वस्तूंत पॉवर बँक खालच्या सूटकेसमध्ये ठेवायला बंदी आहे, ती हातातच लागते. मर्यादा १०० वॅट-अवरची. बाजारात मिळणारी २०,००० मिलिॲम्पिअर-अवरची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे चालते. २०२५ पासून अनेक कंपन्यांनी उड्डाणात ती वापरण्यावरच बंदी घातली आहे, म्हणून फोन निघण्याआधी भरून घ्यावा. प्लगचे देशोदेशीचे आकार वेगळे. सर्वांत चालणारा एक अडॅप्टर पुरतो. तरी चौघांचे चार निघतात.

कागदपत्रांना वजन फारसे नसते, पण ती फुगतात. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. त्यामुळे एकाच घरातल्या जुन्या पासपोर्टवर जन्मगाव एक आणि नव्या कागदांवर जिल्हा दुसरा असे घडते. परदेशातल्या अधिकाऱ्याला त्यात रस नसतो; तो फोटो, व्हिसा आणि परतीचे तिकीट पाहतो. पण नगरच्या माणसाचा सरकारी कार्यालयांचा अनुभव दांडगा. तो आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला यांच्या झेरॉक्सचे तीन संच करतो आणि वर नामांतराच्या बातमीचे कात्रण जोडतो.

कुलपाविषयी थोडेसे. नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून देशभर ठाऊक आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली. त्याच जिल्ह्यातली माणसे मांडीवर ठेवायच्या बॅगेला तीन आकड्यांचे कुलूप लावतात. कुलपाचा आकडा घरात सर्वांना माहीत असावा म्हणून तो मुलाच्या जन्मतारखेवरून ठेवला जातो, आणि तपासणीच्या वेळी वडील ती तारीख विसरतात.

निघण्याचा दिवस सामान वाढवणाराच असतो. हातावर दही-साखर पडते, ती पोटात जात असल्याने वजनात धरली जात नाही. पण सुनेची ओटी भरली जाते आणि ओटीत नारळ असतो. गाडी सुपे, शिरूर करत रांजणगावला आली की महागणपतीचे दर्शन टळत नाही आणि तिथेही प्रसादाचा नारळ हाती पडतो. भारतातल्या विमानतळांवर हातातल्या सामानात नारळ नेऊ देत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात शबरीमलाच्या यात्रेकरूंना तेवढी खास सवलत दिली गेली होती, ओटीच्या नारळाला अजून मिळालेली नाही. वाघोलीच्या वाहतूककोंडीत गाडी अडकते तेव्हा हे नारळ ड्रायव्हरच्या हवाली करावेत. कोंडीत वेळ भरपूर मिळतो.

विमानतळावरचा बाकी भाग थोडक्यात सांगता येतो. काट्यावर बॅग ८ किलो ४०० ग्रॅम भरते. लोखंडी सांगाड्यात ती खालून जाते, वरून अडकते. मग रांगेतून बाजूला होऊन कुटुंब फरशीवर बसते, चारही बॅगा उघडतात आणि आजवर झाकलेला सगळा संसार दोनशे अनोळखी लोकांपुढे येतो. इथे ‘आपल्याला एकूण २८ किलो आहेत’ हा मुद्दा मांडला जातो. बहुतेक कंपन्या हातातल्या सामानाची अशी बेरीज करू देत नाहीत. सात किलो माणशी असतात. चिवडा या बॅगेतून त्या बॅगेत जातो, जीन्स अंगावर चढते, डायनासोरवरून घरी झालेले भांडण मुलाला नेमके इथेच आठवते. एखादा डबा शेवटी तिथेच उघडून शेजारच्या बाकावरच्या मंडळींना वाटला जातो. वजन कमी करण्याचा हा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा आहे. त्यातून ओळखीही होतात.

परदेशात पोचल्यावर असे आढळते की आठ जोडांपैकी तीनच वापरले जातात आणि न्हाणीघरात दोरी बांधून धुणे होतेच. शेंगदाण्याची चटणी पहिल्या दोन दिवसांत संपते, कारण ती सहलीतल्या इतर कुटुंबांनी खाल्लेली असते. बाम वापरला जातो. बेल्ट वापरला जात नाही. आणि बँकॉकच्या मॉलमध्ये, जिथे बाहेर पस्तीस अंश आणि आत वातानुकूलनाची हुडहुडी असते, आजींपासून मुलापर्यंत सगळे एकाच गोष्टीसाठी भांडतात, ती म्हणजे आत्यांची शाल. ही बातमी कोपरगावला त्याच रात्री पोचते आणि पुढच्या सहलीला दोन शाली ठरतात.

परतीचे गणित मात्र कोणत्याही पुस्तकात नीट मांडलेले नाही. जाताना ज्याने ज्याने एकेक वस्तू दिली, त्याच्यासाठी येताना एकेक वस्तू आणावी लागते: आत्यांना चप्पल, मामांना टॉर्च, काकूंना अत्तर, ऑफिसला चॉकलेटे, ड्रायव्हरला काहीतरी, कारण त्याने नारळ सांभाळले. फराळ संपून मोकळी झालेली जागा यात तिसऱ्या दिवशीच भरते. परतीच्या विमानातही हातातल्या बॅगेला ७ किलोच चालतात, आणि विमानतळावर ऐन वेळी भरलेले जादा वजनाचे पैसे आधी भरलेल्यापेक्षा बरेच महाग पडतात. तेव्हा जाताना हौसेने हलके जावे, पण परतीच्या एका मोठ्या सूटकेसचे पैसे तिकीट काढतानाच भरून टाकावेत. ती रिकामी सूटकेस जाताना कशी न्यायची, याचे उत्तर सोपे आहे: ती तिकडेच विकत घ्यावी लागते.